इंजिन चालू, पण होडी हलेना: जुन्या आऊटबोर्ड मोटरचा गिअर का सुटतो आणि तो दुरुस्त कसा होतो?

तारकर्ली-देवबागला डॉल्फिन बघायला गेलेल्या प्रत्येकानं ते मशीन पाहिलेलं असतं. होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं, वर इंजिन आणि खाली पाण्यात बुडालेला पंखा. यालाच आऊटबोर्ड मोटर म्हणतात. कोकणात छोट्या फायबरच्या होड्यांवर मासेमारीसाठीही हीच वापरतात आणि पर्यटकांना फिरवायलाही हीच.

ही मोटर जुनी झाली की एक तक्रार हमखास येते. "गिअर सुटतो." दांडा फॉरवर्डला टाकला, इंजिनाचा आवाज वाढला, तेवढ्यात खालून 'कडाड' असा आवाज आला आणि होडी जागच्या जागी. कधी रिव्हर्स पडतच नाही, तर कधी न्यूट्रलला आणूनही होडी पुढे सरकत राहते.

रस्त्यावर गाडीचा गिअर सुटला तर ती कडेला घेता येते. पाण्यात कडा नसते. शिवाय होडीला ब्रेकही नसतो, थांबायचं तर रिव्हर्स टाकावा लागतो. खाडीच्या तोंडाशी, जिथे लाटा फुटतात, तिथे गिअर गेला तर काही मिनिटांत होडी आडवी होऊन खडकांवर जाऊ शकते. आणि न्यूट्रलमध्ये फिरत राहणारा पंखा आजूबाजूला पोहणाऱ्यांच्या जिवावर उठू शकतो.

पण बऱ्याच वेळा 'गिअर गेला' असं वाटतं तेव्हा गिअर गेलेलाच नसतो. दोष केबलमध्ये, एखाद्या सांध्यात किंवा पंख्यातच असतो. म्हणूनच दुरुस्तीची सुरुवात पाना हातात घेऊन गिअरबॉक्स उघडण्यापासून करायची नसते. ती कुठून करायची, हे समजण्यासाठी आधी आतली रचना बघूया.

गिअर असतो कुठे?

इंजिन वर असतं, पण गिअरबॉक्स अगदी खाली, पंख्याच्या पुढच्या गोळीसारख्या फुगीर भागात असतो. इंजिनातून एक उभा शाफ्ट सरळ खाली येतो. त्याच्या टोकाला पिनियन नावाचा छोटा दातेरी गिअर असतो. हा पिनियन समोरासमोर बसवलेल्या दोन मोठ्या गिअरना एकाच वेळी फिरवतो. त्यातला एक फॉरवर्डचा आणि दुसरा रिव्हर्सचा. पिनियन मधोमध असल्यामुळे दोघं उलट दिशांना फिरतात.

गंमत म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत हे दोन्ही गिअर सतत फिरतच असतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. फक्त ते पंख्याच्या शाफ्टला जोडलेले नसतात, त्याच्यावर मोकळे फिरतात.

जोडण्याचं काम करतो तो डॉग क्लच. दोन गिअरच्या मध्ये, पंख्याच्या शाफ्टवर पुढे-मागे सरकणारा हा एक पोलादी तुकडा. त्याच्या दोन्ही बाजूंना जाड दात असतात आणि तसेच दात गिअरवरही असतात. डॉग पुढे सरकून फॉरवर्ड गिअरच्या दातांत अडकला की होडी पुढे जाते, मागे सरकला की रिव्हर्स पडतो आणि मधोमध राहिला की न्यूट्रल. दांडा हलवल्यावर केबल, सांधे आणि एक उभी सळई यांच्यामार्फत हा डॉगच हलतो.

बाईकच्या गिअरबॉक्समध्येही असेच डॉगचे दात असतात. पण बाईकला क्लच असतो. तो दाबला की इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपासून तुटतो आणि मग गिअर बदलतो. आऊटबोर्डमध्ये असा क्लच नसतो. इंजिन आणि पिनियन कायम जोडलेले. फिरत्या गिअरच्या दातांत थांबलेला डॉग थेट घुसवायचा असतो.

ही रचना मोटरच्या जन्मापासूनची नाही. अमेरिकेत मिलवॉकी इथे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विकायला आणलेल्या सुरुवातीच्या मोटरींना गिअर बदलण्याची सोयच नव्हती. इंजिन सुरू झालं की पंखा फिरायचा आणि होडी निघायची. पुढच्या काळात अशा बिनगिअरच्या मोटरींना रिव्हर्ससाठी अख्खी मोटरच उलटी वळवावी लागे. फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्स दांडा दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला.

हळूच गिअर टाकणं हाच खरा आजार

बहुतेकांना वाटतं, मशीन जुनं आहे तर गिअर हळुवार टाकावा. इथेच घोटाळा होतो.

हिशेब करून बघा. इंजिन स्लोवर मिनिटाला ९०० फेऱ्या घेतंय असं धरू. खालच्या गिअरबॉक्समध्ये वेग साधारण निम्मा होतो, म्हणजे फॉरवर्ड गिअर मिनिटाला ४५० फेऱ्या घेतो. सेकंदाला साडेसात. डॉगला आणि गिअरला तीन-तीन दात आहेत असं मानलं, तर सेकंदाला २२ वेळा गिअरचे दात डॉगच्या दातांसमोरून जातात. दांडा झटक्यात टाकला तर डॉग एकदाच 'टक्' करून खाचेत बसतो. पण दोन सेकंद घेऊन हळूहळू सरकवला, तर दातांचे कोपरे एकमेकांवर चाळीसहून जास्त वेळा आपटतात. ती 'खर्रर्र' म्हणजे कोपरे झिजण्याचा आवाज.

असं रोज झालं की चौकोनी कोपरे गोल होतात. मग दात एकमेकांना घट्ट धरत नाहीत. जोर वाढला की गोल कोपऱ्यावरून घसरून डॉग बाहेर ढकलला जातो. म्हणूनच सुटणारा गिअर स्लोवर नीट चालतो आणि ॲक्सिलरेटर वाढवला की सुटतो.

दुसरं कारण म्हणजे जास्त वेगात गिअर टाकणं. कार्बोरेटर कचऱ्यानं भरला की इंजिन स्लोवर बंद पडतं. मग स्क्रू फिरवून स्लो वाढवून ठेवला जातो. इंजिन बंद पडायचं थांबतं, पण त्यानंतर प्रत्येक गिअर मोठ्या धक्क्यानं पडतो. त्यावर उपाय कार्बोरेटर साफ करणं हा आहे. आपल्या मोटरचा स्लो किती हवा, हे तिच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

लक्षणावरून दोष ओळखायचा कसा?

दांडा जड लागतो किंवा अडकतो: पहिला संशय केबलवर. खारं पाणी केबलच्या नळीत शिरतं, आतली तार गंजते आणि फुगते. मोटरकडच्या टोकाला केबल सोडवून दांडा हलवून बघायचा. तरीही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा कंट्रोल बॉक्समध्ये आहे. दांडा हलका झाला, तर तो पुढच्या सांध्यांमध्ये किंवा खाली आहे.

एकच गिअर पडतो, दुसरा पडत नाही: बहुतेकदा सेटिंग बिघडलेलं असतं. न्यूट्रलमध्ये डॉग बरोबर मध्यावर नसला, तर एका बाजूला तो पूर्ण जातो आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट. सांध्यांमधले प्लास्टिकचे बुश झिजले तरी हेच होतं. दांडा पूर्ण हलतो, पण ती हालचाल खालपर्यंत पोहोचत नाही.

जोर दिला की 'कडाड' आवाज येऊन गिअर सुटतो: डॉगचे दात झिजल्याचं हे लक्षण. पण आधी सेटिंग तपासलंच पाहिजे. अर्धवट बसलेला डॉगही असाच सुटतो. सेटिंग तसंच ठेवून नवा डॉग टाकला, तर तोही लवकरच झिजतो.

आवाज न होता इंजिन नुसतंच पळतं: गिअरला दोष देण्याआधी पंखा बघायचा. बऱ्याच पंख्यांच्या मध्यभागी रबराचा बुश असतो. पंखा खडकावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून हा बुश घसरतो. जुना झाला की तो कायमच घसरू लागतो. तपासणी सोपी आहे. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि एक फेरी मारून यायची. रेघ तुटून दोन्ही तुकडे वेगळ्या जागी गेले, तर गिअर ठीक आहे, बुश गेला. छोट्या जुन्या मोटरींत रबराऐवजी एक पिन असते. पंखा आपटला की ती तुटते आणि इंजिन चालू असूनही पंखा फिरत नाही.

रिव्हर्स टाकला की अख्खी मोटर वर उचलली जाते: हाही गिअरचा दोष नाही. रिव्हर्समध्ये मोटर खाली धरून ठेवणारा आकडा असतो. तो गंजलेला असतो किंवा त्याचं सेटिंग हललेलं असतं.

काही उघडण्याआधीच्या तपासण्या

सुरुवातीला इंजिन बंद करायचं, सुरक्षेची लाल दोरी काढायची आणि स्पार्क प्लगच्या कॅप उपटून बाजूला ठेवायच्या. ही पायरी गाळायची नाही. गिअरमध्ये असताना पंखा हातानं फिरवला की इंजिनही फिरतं, आणि ठिणगी मिळाली तर ते सुरू होऊ शकतं.

आता दांडा न्यूट्रलला ठेवून पंखा फिरवायचा. तो दोन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे. मग पंखा हळूहळू फिरवत दांडा फॉरवर्डला टाकायचा. इंजिन बंद असताना दातासमोर दात आला तर गिअर पडत नाही, म्हणून पंखा फिरवत राहणं गरजेचं. दांड्यावर जबरदस्ती केली तर केबल वाकते. गिअर पडल्यावर हाताला इंजिनाचा विरोध जाणवला पाहिजे. काही मोटरींचा पंखा फॉरवर्डमध्ये एका दिशेला टकटक करत फिरतो, तो दोष नसतो. रिव्हर्सलाही असंच तपासायचं.

सगळं नीट पडत असेल, तर वरचं झाकण काढून एका माणसानं दांडा हलवायचा आणि दुसऱ्यानं सांधे बघायचे. कुठला बोल्ट सैल आहे, कुठला बुश ढिला आहे, दांडा हलूनही कुठे हालचाल 'हरवते' आहे, हे डोळ्यांनी दिसतं. बुश, एखादी पिन, थोडं मरीन ग्रीस आणि केबलच्या टोकाचं सेटिंग, एवढ्यावर कितीतरी मोटरींचं काम भागतं.

ऑइल खोटं बोलत नाही

यानंतर गिअरबॉक्सचं ऑइल. खालच्या भागाला दोन स्क्रू असतात, एक तळाशी आणि एक वर. मोटर काही तास उभी ठेवून तळाचा स्क्रू हळूच सैल करायचा. आधी पाणी आलं, तर पाणी आत शिरलंय. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तरी अर्थ तोच.

कोकणातल्या होड्यांमध्ये याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा किंवा तंगूस. ती पंख्यामागे शाफ्टला गुंडाळली जाते आणि ऑइल सील कापते. त्या फटीतून ऑइल बाहेर जातं आणि खारं पाणी आत. बेअरिंग आणि गिअर गंजायला मग वेळ लागत नाही. म्हणून पंखा अधूनमधून काढून मागे काही अडकलंय का ते बघावं.

स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय तेही बघायचं. बारीक काळसर लेप असेल तर चिंता नाही. नखाला लागणारे चकचकीत तुकडे दिसले, तर दात तुटायला लागलेत.

ऑइल भरताना मोटर उभी हवी आणि ऑइल खालच्या भोकातून वर चढवायचं. वरून ओतलं तर आत हवा अडकते. वरच्या भोकातून ऑइल बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग खालचा. दोन्हीचे वायसर नवे टाकायचे. ४० हॉर्सपॉवरपर्यंतच्या बऱ्याच मोटरींत अर्ध्या लिटरपेक्षाही कमी ऑइल लागतं. ते वेळेवर बदलणं हा या मशीनचा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

खालचा भाग उतरवायची वेळ आली तर

सेटिंग बरोबर, पंखा ठीक, तरीही गिअर सुटतो, किंवा ऑइलमध्ये तुकडे दिसले, तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागतो. तो उतरवण्यापर्यंतचं काम जाणकार हात घरीही करतात.

खाऱ्या पाण्यातले बोल्ट ॲल्युमिनिअमला चिकटून बसतात. जोर लावला तर ते तुटतात आणि मग भोक पाडून काढावे लागतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवणं, हातोडीचे हलके ठोके आणि गरज पडली तर आसपासच्या भागाला थोडी उष्णता, हा धीराचा मार्ग. उष्णता देताना पेट्रोलची टाकी आणि नळ्या दूर हव्यात. गिअरची सळई वरच्या भागाला जिथे जोडलेली असते, तो सांधा आधी सोडवायचा. तो न सोडवता खालचा भाग ओढला तर सळई वाकते. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढलेला बरा.

खालचा भाग हातात आलाच आहे, तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलरही बदलून घ्यावा. तो तिथेच असतो आणि त्यासाठी पुन्हा सगळं उतरवणं परवडत नाही.

गिअरबॉक्सच्या आतलं काम मात्र मेकॅनिकचं. तिथे पुलर लागतो आणि गिअरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून पातळ चकत्यांनी जुळवावी लागते. पण तिथे काय करून घ्यायचं, हे मालकाला माहीत हवं:

- डॉग झिजला असेल तर ज्या गिअरमध्ये तो बसतो त्याचेही दात झिजलेले असतात. दोन्ही एकत्र बदलायचे. जुन्या गिअरवर नवा डॉग टिकत नाही.
- ग्राइंडरनं कोपरे पुन्हा चौकोनी करणं हा तात्पुरता जुगाड आहे. दातांचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. तो घासला गेला की आतलं मऊ पोलाद झपाट्यानं झिजतं.
- डॉगची एक बाजू फॉरवर्डची आहे, अशी खूण काही मोटरींत असते. तो उलटा बसवायचा नाही.
- ऑइल सील आणि ओ-रिंग नव्याच टाकायच्या आणि शेवटी हवेच्या दाबानं गळती तपासून घ्यायची.

बसवताना उभ्या शाफ्टच्या खाचांना बाजूनं ग्रीस लावायचं, पण त्याच्या माथ्यावर नाही. तिथे ग्रीसचा गोळा अडकला तर शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. जोडणी झाल्यावर वरच्या तीनही तपासण्या पुन्हा करायच्या. मग पाण्यानं भरलेल्या पिंपात मोटर चालवायची. कोरडी चालवली तर नवा इम्पेलर जळतो.

पार्ट घेताना

जुन्या मोटरीचे पार्ट मिळवणं हे अनेकदा दुरुस्तीपेक्षा अवघड काम असतं. 'चाळीसची मोटर' एवढं सांगून चालत नाही. त्याच हॉर्सपॉवरच्या दोन वेगळ्या वर्षांच्या मोटरींत गिअर वेगळे असू शकतात. होडीला अडकवायच्या क्लॅम्पजवळ एक पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर आणि सिरिअल नंबर लिहून न्यायचा.

भंगारातून अख्खा खालचा भाग उचलायचा असेल, तर दोन गोष्टी जुळायला हव्यात. एक म्हणजे लांबी. छोट्या मोटरी प्रामुख्यानं १५ इंची आणि २० इंची अशा दोन मापांत येतात आणि त्यांचे शाफ्ट वेगळे असतात. दुसरी, गिअरचं प्रमाण. ते बदललं तर पंखा आणि इंजिन यांची जोडी बिघडते.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच हे काम उरकलेलं बरं. ऑगस्टच्या तोंडावर सगळ्यांनाच मेकॅनिक एकदम आठवतो.

समुद्रात गिअर गेला तर?

पहिलं काम नांगर टाकणं. होडी खडकाकडे वाहत असेल तर मोटरशी झटापट करत बसण्याआधी ती थांबवायला हवी. वल्ही आणि पुरेशी दोरी होडीत असायलाच हवी.

फॉरवर्ड जोरात सुटत असेल, तर स्लोवर येऊन तो झटक्यात पुन्हा टाकायचा आणि कमी वेगानं परत यायचं. बहुतेकदा कमी जोरावर झिजलेला डॉगही टिकतो. सांधा निसटला असेल, तर इंजिन बंद करून मोटरवरचा दांडाच हातानं फॉरवर्डला टाकता येतो. पण तेव्हा न्यूट्रल उरत नाही. इंजिन सुरू होताच होडी झेप घेते, म्हणून सगळ्यांना आधी खाली बसवायचं आणि पाण्यात कुणी नाही ना ते पाहायचं. फॉरवर्ड पूर्ण गेला आणि रिव्हर्स शाबूत असेल, तर शांत पाण्यात मागे-मागे किनारा गाठता येतो. लाटा असतील तर मागच्या बुटक्या फळीवरून पाणी आत येतं, तेव्हा हा प्रयोग करायचा नाही. नांगरावर थांबून मदत बोलवायची. पिनवाली मोटर असेल तर दोन जादा पिना आणि एक पक्कड होडीत हवी.

आणि गिअर अजून शाबूत असेल, तर तो तसाच राहावा म्हणून करायचं एवढंच. इंजिन स्लोवर येऊ द्यायचं, दांडा एका दमात टाकायचा, फॉरवर्डवरून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलला क्षणभर थांबायचं. एक खणखणीत 'टक्' ऐकू आला की समजायचं, गिअर बरोबर पडला.